इंजिन आधी कॉलेजात गेलं

रसेल निएमेलाचा ट्रक गोठलेल्या तळ्यावर बंद पडला, तेव्हा रसेल मनाने पन्नाशीला पोचला होता. तसं त्याचं वय त्रेचाळीस. पण हिशेबाचं एक असतं, तो एकदा सुरू झाला की माणसाला बसल्या जागी कुठल्या कुठे नेऊन ठेवतो. बाहेर फेब्रुवारीची पांढरी दुपार पसरली होती. तळं पांढरं, आभाळ पांढरं, आणि दोन्ही कुठे जुळलेत ते सांगायला किनाऱ्यावरची पाइनची झाडंही धुक्यात गेलेली. बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून रसेल ट्रकमध्ये बसला होता आणि वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने आकडे मांडत होता.

काचेच्या डाव्या बाजूला खर्च. कम्युनिटी कॉलेजची फी, पुस्तकं, चाळीस मैल जायचं-यायचं पेट्रोल, संध्याकाळच्या वर्गांपायी बुडणारा ओव्हरटाइम. उजव्या बाजूला मिळकत. इंजिनियरिंग टेक्नॉलॉजीची पदवी हातात पडली की कागदाच्या मिलमध्ये तासाला नऊ डॉलर जास्त. डावीकडे आकड्यांची रांगच्या रांग, उजवीकडे एकटाच गडी, पण पहिलवान. येत्या हिवाळ्याआधी नाव घातलं, रडतखडत तीन वर्षांत पदवी घेतली, तर पन्नाशीला सगळा खर्च भरून निघत होता. त्यानंतर निव्वळ नफा. नफ्याच्या पहिल्या वर्षी तळ्याकाठी एक खोली, दुसऱ्या वर्षी वर छत असलेली होडी. होडीपर्यंत पोचला की रसेलचे डोळे आपोआप मिटत.

हे मांडे तो गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात भाजत होता. यंदा मात्र चूल खरोखरच पेटली होती. मिलच्या साहेबांनी नाताळाआधी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, की शरद ऋतूपासून दोन नंबरचं यंत्र आपलं आपण चालेल. त्या यंत्राच्या तारा आणि सेन्सर ज्यांना कळतात किंवा जे ते कॉलेजात शिकायला लागतील, ते राहतील. बाकीच्यांचं काय, असं कुणी विचारलं नाही आणि साहेबांनीही सांगितलं नाही. रसेल त्याच यंत्रावर वीस वर्षं उभा होता. त्याची बायको मार्नी त्याच मिलमध्ये पुढच्या शेडला कागदाची रिळं बांधायची. म्हणजे घरातल्या दोन्ही पगारांच्या मानेवर एकच सुरी टांगलेली होती.

तर पेट्रोलचा आकडा मांडला आणि रसेलने बचत म्हणून तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. हीटरचा पंखा आणि रेडिओ मात्र चालू राहिला. खोलीला खिडक्या किती असाव्यात इथवर तो आला असेल-नसेल, रेडिओ खरखरला, पंखा थांबला आणि बॅटरीने मान टाकली. चार पैसे वाचवायला जावं नि गाठोडंच गमवावं, तशातली गत. पण रसेलला तेव्हा वाटलं, की गमावली ती फक्त बॅटरी.

गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुख युजीन कोस्केला स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावरच्या फटफटीवरून, तिथून चालला होता. साठी उलटलेला, शांत, कुणालाही न दुखवणारा माणूस. त्याने रसेलला मागे बसवून घरी आणलं. निरोप घ्यायला दोघे ओट्यावर उभे राहिले. टॅमरॅक गावात निरोप घ्यायला येण्याहून जास्त वेळ लागतो. हवेचं झालं, माशांचं झालं, कुणाच्या गुडघ्याचं झालं. मग कोस्केलाने हळूच विषय काढला.

दर हिवाळ्यात दलातर्फे एक भंगार गाडी तळ्यावर उभी करत. ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी बर्फातून खाली जाईल यावर सगळं गाव तिकीट घेऊन पैज लावी. येणारा पैसा कॉलेजच्या शिष्यवृत्तीला जाई. यंदा एका विधवा बाईंनी जुनी ब्यूक कबूल केली होती, पण त्यांच्या नातवाने ती परस्पर विकली. तिकीटविक्री तोंडावर आली आणि गाडीचा पत्ता नाही. तुझा ट्रक तसाही तिथेच उभा आहे, कोस्केला म्हणाला, आणि काम पुण्याचं आहे.

रसेल नको म्हणाला. कोस्केलाने मान हलवली, पाइनच्या झाडांकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. रसेल पुन्हा नको म्हणाला. आता टॅमरॅकमध्ये पहिला नकार म्हणजे नुसती रीत असते. कुणी केक पुढे केला तरी माणूस आधी नकोच म्हणतो. दुसरा नकार म्हणजे समोरच्याच्या आग्रहाला मान. तिसऱ्यांदा जे तोंडातून निघेल ते खरं. रसेल याच गावात जन्मला, वाढला, बोहल्यावरसुद्धा इथेच उभा राहिला. त्याला हे कुणी शिकवायला नको होतं. पण कोस्केलाने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओट्यावर उभा होता तो रसेलचा नुसता देह. खुद्द रसेल होडीत बसला होता आणि होडीचं छत निळं असावं की हिरवं याचा विचार करत होता.

"हं, चालेल की," रसेल म्हणाला.

कोस्केलाने त्याचा हात हातात घेऊन हलवला. रसेलला वाटलं, आज भलताच मायेत आलाय.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिलमध्ये एक माणूस आजारी, म्हणून रसेलला लागोपाठ दोन पाळ्या पडल्या. सोमवारी काम सुटल्यावर तो नवी बॅटरी घेऊन तळ्यावर गेला. ट्रक जागेवर होता. पण त्याला भडक नारिंगी रंग फासलेला होता. टपावर झेंडा, मागच्या आसाला साखळी, आणि साखळीपासून किनाऱ्यावरच्या खांबाला टांगलेल्या घड्याळापर्यंत नेलेली दोरी; ट्रक खाली गेला की दोरी ताणून घड्याळ बंद पडावं म्हणून. रसेलला आधी वाटलं, आपण चुकीच्या ट्रकपाशी आलो. त्याने बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. जिथे इंजिन असायचं तिथून खालचा बर्फ दिसत होता, स्वच्छ, निळसर. तळ्यातल्या पाण्यात तेल जाऊ नये म्हणून दलाच्या माणसांनी सबंध रविवार खपून सगळं कसं नीट, धुऊनपुसून काढून नेलं होतं.

रसेल बराच वेळ बॅटरी पोटाशी धरून उभा राहिला. लावायची म्हटली तरी लावणार कशाला?

घरी मार्नी स्वैपाकघरात सलगम चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू नक्की काय बोललास. रसेलला नीट आठवेना. होडीच्या छताचं आठवत होतं.

"तीनदा विचारलं त्याने?"

"विचारलं असेल."

"आणि तिसऱ्यांदा तू हो म्हणालास."

"माझं लक्ष नव्हतं गं."

"लग्नाचं विचारलंस तेव्हा तरी होतं का?" मार्नी म्हणाली आणि पुन्हा सलगम चिरायला लागली.

ती वीस वर्षं या माणसाच्या संसारात होती. पहिल्यांदा ओरडून झालं होतं, मग अबोला धरून झाला होता. आता तिला राग येई, पण तो चुलीवरच्या दुधासारखा वर येऊन आपला आपण खाली बसे. तिचं एकच म्हणणं होतं, की जा आणि कोस्केलाला चूक झाली म्हणून सांग.

रसेल गेला. कोस्केलाच्या बायकोने कॉफी ठेवली आणि वेलदोडा घातलेला गोड पाव कापला. रसेल दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा चार तुकडे घेतले. कोस्केला सांगत होता, की इतकी तिकिटं कधीच खपली नव्हती. लोकांना तुझा ट्रक ओळखीचा ना. जो तो म्हणतो, निएमेलाने स्वतःचा चालता ट्रक दिला, मग आपण निदान पाच तिकिटं तरी घ्यायला हवीत. चर्चमध्ये पाद्रीबुवांनीसुद्धा रविवारी तुझं नाव घेतलं. हे ऐकल्यावर रसेलने हातातला पाव बशीत परत ठेवला. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती त्या संध्याकाळी कोस्केलाच्या दिवाणखान्यात रसेलच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तो उठला तेव्हा ट्रक परत मागण्याचा विषय निघालेला नव्हता आणि त्याच्या खिशात स्वतःचाच ट्रक बुडण्याची पाच तिकिटं होती.

"निदान इंजिन कुठे आहे ते तरी विचारलंस का?" मार्नीने विचारलं.

ते त्याने विचारलं होतं. दरवर्षी त्या गाडीचं इंजिन कॉलेजला देण्याची पद्धत होती, मुलांना उघडून बघायला. रसेल निएमेला गेली कित्येक वर्षं ज्या कॉलेजच्या वाहनतळावर गाडी उभी करून नुसता इमारतीकडे बघत बसायचा, आणि आत जायचा धीर न होऊन परत यायचा, त्या कॉलेजात त्याचं इंजिन त्याच्या आधी दाखल झालं होतं. तेही विनाफी.

आता जायचं तर मार्नीच्या छोट्या गाडीतून. ती गाडी ती रसेलच्या हातात देत नसे. हिशेब करत चालवणाऱ्या माणसाच्या हातात देऊही नये. म्हणून ती चालवायला आणि हा शेजारी. चाळीस मैल रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध, त्यामागे उघडीबोडकी बर्चची झाडं. वाटेत रसेल म्हणाला, की इंजिन परत घेऊ, दुसऱ्या जुन्या ट्रकचा सांगाडा बघू, त्यात ते बसवू, म्हणजे ट्रकचा प्रश्न सुटला. सगळं इतकं सोपं होतं की त्याला डुलकी लागली.

कार्यशाळेत लांब टेबलावर पांढऱ्या कापडावर त्याचं इंजिन मांडलेलं होतं. सुटं. पिस्टन एकीकडे, झडपा एकीकडे, आणि कित्येक छोट्या वस्तू अशा, की ज्या आपल्या इंजिनात होत्या हे रसेलला ठाऊकच नव्हतं. आपल्याच माणसाची शस्त्रक्रिया बघावी तसं त्याला गलबलून आलं. वर्ग घेणाऱ्या ट्रेगेम्बोबाई उंच, सडसडीत, कानावर पेन्सिल खोचलेल्या. त्यांनी रसेलचं सगळं ऐकलं. त्या मूळच्या टॅमरॅकच्या नव्हत्या, त्यामुळे एकदाच विचारलं की एकदाच उत्तर द्यायच्या.

"देईन की परत," त्या म्हणाल्या. "पण आम्ही उघडायला शिकलोय, जोडायला अजून शिकायचंय. सत्र संपेपर्यंत थांबा. घाई असेल तर हा पाना घ्या आणि लागा मुलांबरोबर कामाला."

रसेलने पाना घेतला. त्या दिवसापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी नवरा-बायको कॉलेजला जाऊ लागले. वर्गात दहा-बारा जण असत. बरीचशी विशीतली पोरं, आणि दोघे खाण बंद पडल्यावर आलेले पन्नाशीचे बाप्ये. नुसतं इंजिन खोलणं-जोडणं हा मुद्दाच नव्हता तिथे. कुठल्या भागावर किती ताप येतो, कोणता सेन्सर काय सांगतो, तो खरं बोलतो की खोटं हे कसं मोजायचं, अशी ती शिकवणी होती. कागदाच्या मिलमध्येही हेच चालतं, फक्त यंत्र मोठं, असं बाई म्हणत. रसेल मान डोलवी. कार्यशाळा गरम असे, भिंतीशी हीटर गुणगुणत असे आणि खिडक्यांच्या काचांवर छान वाफ धरलेली असे. अशा काचा दिसल्या की रसेलचं बोट शिवशिवे. पोरं बोल्ट आवळत असताना तो खिडकीपाशी उभा राहून डावी-उजवी बाजू मांडी आणि पन्नाशीला पोचे.

मार्नी सुरुवातीला बाहेरच्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसायची. तिथे गारठा फार. दुसऱ्या आठवड्यात ती दाराच्या आत उभी राहिली. मग कुणीतरी विजेरी धर म्हणालं, ती धरली. मग बोल्ट मोजून दे म्हणालं, ते दिले. रिळं बांधून बांधून तिच्या हातांना एक चोख सवय लागलेली होती. घेतलेली वस्तू ती पुन्हा अचूक जागेवर ठेवायची. एका संध्याकाळी बाईंनी विचारलं, की हे इंजिन इतकं पेट्रोल का खात असावं. रसेल म्हणाला, म्हातारं झालंय. पोरं हसली. मार्नी विजेरी धरून उभी होती, ती चाचरत म्हणाली, "इंजिन किती तापलंय हे त्याला सांगणारा तो भाग आहे ना, तोच जर खोटं सांगत असेल तर?"

बाईंनी पेन्सिल कानावरून काढली. "मोजून बघा," त्या म्हणाल्या आणि मीटर मार्नीच्या हातात दिला.

मार्नीने तो भाग गरम पाण्यात धरला, मग गार पाण्यात. दोन्ही वेळा तो गारच सांगत होता. म्हणजे इतकी वर्षं ते बिचारं इंजिन, आपण थंडीने कुडकुडतोय असं समजून जास्तीचं पेट्रोल पीत होतं. सगळा वर्ग वाकून बघायला लागला. बदलायचा तो भाग अंगठ्याएवढा, किंमत एका पिझ्झ्याएवढी. रसेल तेवढा खिडकीशी उभा राहिला होता. पेट्रोलचा डावीकडचा आकडा, ज्याच्या भीतीने तो इतकी वर्षं वाहनतळावरून परत फिरला होता, तो मुळातच चुकीचा होता. पण त्याला बसलेला धक्का तो नव्हता. मीटर हातात घेतलेल्या मार्नीचा चेहरा त्याने पाहिला होता. तसा तो चेहरा त्याने फार वर्षांत पाहिलेला नव्हता.

मार्च सरत आला तसा रसेलचा उरलेला भरवसा एकाच गोष्टीवर होता. ट्रक गेला तर गेला. त्या ट्रकच्या तिकिटांतून जी शिष्यवृत्ती उभी राहील ती आपल्यालाच मिळणार. गावाने ज्याचं नाव चर्चमध्ये घेतलं त्याला नाही तर कुणाला द्यायची? हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण काचेवरच्या हिशेबात फीचा आकडा खोडून टाकला होता. नेहमीप्रमाणे शनिवारी तो कोस्केलाच्या सौनात गेला. लाकडी फळ्यांवर चार पुरुष टॉवेल गुंडाळून बसलेले, तापलेल्या दगडांवर पाणी पडतंय, चुर्र होतंय आणि वाफेत कुणाला कुणाचं तोंड दिसत नाहीये. सौनात फारसं कुणी बोलत नाही. कोस्केलाच मग वाफेतून बोलला.

"रसेल, एक सांगायचं राहिलं. गाडी ज्याच्या नावावर, त्याला शिष्यवृत्ती देता येत नाही. नियमच आहे. नाहीतर लोक म्हणतील, एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातली."

"बरोबर आहे," रसेल म्हणाला.

"वाईट नको वाटून घेऊस."

"छे छे, वाईट कसलं."

वाफेचं एक बरं असतं, डोळ्यांतून पाणी आलं तरी घामात खपून जातं. गाढवही गेलं नि ब्रह्मचर्यही गेलं, अशी त्याची अवस्था झाली. ट्रक नाही, शिष्यवृत्ती नाही, शरद ऋतूनंतर मिल नाही. बाकीचे बाहेर बर्फात लोळायला गेले तरी तो आतच बसून राहिला. सौनाला हातभर खिडकी होती. सवयीने त्याचं बोट उठलं. त्याने डावी बाजू मांडली, उजवी मांडली, वर आपलं वय लिहिलं, त्रेचाळीस. मग का कोण जाणे, ते पुसून अडतीस लिहिलं. मार्नीचं वय.

हिशेब झरझर सुटत गेला. शिष्यवृत्ती धरली तर डावी बाजू अर्धी होत होती. ट्रक तर एकट्या रसेलच्या नावावर होता. त्या भंगाराला माझं नाव लावू नकोस असं मार्नीनेच बजावलं होतं. तिच्या गाडीला पेट्रोल कमी. ती वर्गात झोपत नाही. आणि तीन नव्हे, दोन-अडीच वर्षांत ती संपवेल, कारण एकदा हातात घेतलेलं काम तिने अर्धवट टाकलेलं त्याने पाहिलेलं नव्हतं. चव्वेचाळिशीच्या आतच सगळं वसूल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा होडीपर्यंत न जाताच हिशेब पुरा झाला. रसेल त्या आकड्यांकडे बघत राहिला आणि मग तळहाताने सगळी काच पुसून टाकली.

त्यानंतरचे दिवस त्याला फार जड गेले. दोघांचं वेळापत्रक एक, गाडी एक, आणि घर सांभाळून फक्त एकालाच शिकता येईल एवढीच ऐपत. ज्याने शिकायचं तो मिलमध्ये राहणार. दुसऱ्याने पडेल ते काम बघायचं. रसेलला वाटे, स्वप्न मी पाहिलं. थंडीत कुडकुडत त्या इमारतीसमोर मी बसलो. आणि विजेरी धरायला आलेली बाई आत जाणार? लगेच स्वतःची लाजही वाटे. आपल्याला बीजगणिताची धास्ती आहे, शाळेत आपण जेमतेम सुटलो होतो, हे तो स्वतःलाही कधी कबूल करत नसे. ते आता कबूल करावं लागत होतं. सत्राच्या शेवटी इंजिन जोडून लोखंडी घडवंचीवर ठेवलं आणि बाईंनी किल्ली मार्नीच्या हातात दिली. पहिल्या फटक्यात सुरू झालं. रसेलकडे असताना ते असं कधी बोललं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रसेलने सर्वांत जास्त. आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं, की मार्नीला सांगायचं.

सांगायचं, पण नीट सांगायचं. ती नकोच म्हणणार. म्हणून तो मिलमध्ये यंत्रापाशी उभा राहून भाषण घोकत राहिला.

एप्रिलच्या एका सकाळी वारा फिरला आणि बर्फ काळा पडला, म्हणजे फुटायला आला. बातमी मिलमध्ये पोचायच्या आधीच सगळं गाव तळ्याकाठी जमलं. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी गरम पास्ट्यांची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांची, टोपली आणली. तळ्यावरून धुकं उठत होतं आणि त्या धुक्यात ट्रक अधांतरी उभा होता, नारिंगी, झेंडा लावलेला, मागचं चाक जरा रुतलेलं. सगळे हळू आवाजात बोलत होते. रसेल आणि मार्नी थोडे बाजूला एका ओंडक्यावर बसले. तिच्या नखांत अजून काळं ग्रीस होतं. साबणाने जात नाही, असं ती म्हणे, पण फारसं घासतही नसे.

रसेलने घसा साफ केला आणि सुरुवात केली. फी सांगितली, पुस्तकं सांगितली, ट्रक माझ्या नावावर असल्यामुळे नियम तुला आड येत नाही ते सांगितलं. तुझं वय अडतीस, माझं त्रेचाळीस. तू चव्वेचाळिशीच्या आत वसूल, मी पन्नाशीला, तेही जागा राहिलो तर. स्वैपाक मी बघेन. पास्टी मला येत नाही, पण बाकीचं येतं. तुझे हात ते काम करताना कसे दिसतात ते मी पाहिलंय. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, चार दिवस फार वाईट वाटलं. पण तू जा. तू त्या मीटरकडे बघत होतीस तसं मी कशाकडेच बघितलं नाही कधी. मी नुसतं काचेकडे बघितलं.

 तो थांबल्यावर मार्नीने हातातली पास्टी मोडून अर्धी त्याला दिली.

"माझा अर्ज गेलाय," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारीच. कोस्केला काल येऊन सांगून गेला, शिष्यवृत्ती मिळाली म्हणून."

रसेलने पास्टी खाली ठेवली. "मग मला एवढं सगळं बोलू कशाला दिलंस?"

 मार्नीचे डोळे भरून आले होते.

"लग्नाला वीस वर्षं झाली, रसेल," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा तुझ्या हिशेबात मी होते. म्हटलं, सगळा ऐकावा."

तेवढ्यात बर्फ कुठेतरी खोलवर कण्हला. ट्रकने नाक वर उचललं, झेंडा एकदा हलला, आणि अगदी सावकाश, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने, तो धुक्याखाली निघून गेला. दोरी ताणली गेली, खांबावरचं घड्याळ थांबलं आणि किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. रसेल निएमेला ओंडक्यावर बसून हुंदके देऊन रडत होता, आणि मध्येच हसतही होता.

लोकांनी ते पाहिलं. टॅमरॅकमध्ये पुरुष माणूस चारचौघांत रडलेला फारसा कुणी बघितलेला नव्हता. टाळ्या विरल्या. पाद्रीबुवा आले, खाणीतले दोघे आले, मिलचे साहेबसुद्धा आले. ज्याने त्याने रसेलच्या खांद्यावर हात ठेवला. फार चांगला ट्रक होता, म्हणाले. असा ट्रक पुन्हा मिळायचा नाही, म्हणाले. कोस्केलाने टोपी काढून हातात घेतली.

रसेलने डोळे पुसले, सगळ्यांचे आभार मानले आणि कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.